पेटीवालीचे कान

दातांच्या कारखान्यात सगळे तिला पेटीवाली म्हणत, कारण तिचा दुपारचा डबा पत्र्याच्या पेटीतून यायचा. पेटी दोन विटांएवढी, कडीकोयंड्याची, झाकणावर लांबीला ठोकलेल्या दोन पन्हळी. तिच्या वडिलांनी ती केली तेव्हा ती आठ वर्षांची होती, आणि आता तिची नात बारा वर्षांची आहे, म्हणजे बघा. या पेटीवरून एकदा सामानाची हातगाडी गेली. पेटीवाली म्हणते, चाक वाकडं झालं आणि पेटी तशीच राहिली. गाडीवाल्याला कोणी विचारायला गेलं नाही, तेव्हा हेच खरं धरायचं.

वडील पत्र्याच्या पेट्या करायचे. चौथी झाल्यावर शाळा सुटली आणि ती त्यांच्याजवळ बसू लागली. ते हातोडी द्यायचे नाहीत आधी. आधी नुसतं बघायचं. "सपाट पत्रा म्हणजे लाजरं पोर," ते म्हणायचे, "कोणी बोट लावलं की आत जातं. त्याला कणा द्यावा लागतो." मग लाकडी ठोकळ्यावर पत्रा धरून ते पन्हळ ठोकायचे, टक टक टक, आणि तोच लुळा पत्रा ताठ उभा राहायचा, जसा काही पाहुण्यांसमोर. वडील गेले, पेट्या गेल्या, लग्न झालं. नवरा बोलका होता, दोघांच्या वाटचं तोच बोलून गेला. मागे उरली एक लेक आणि ही पेटी.

कारखाना म्हणजे फार मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. खाली डॉक्टरीणबाईंचा दवाखाना, वर तीन खोल्या. पहिल्या खोलीत संगणकाच्या पडद्यासमोर एकजण बसतो, मधल्या खोलीतले प्रिंटर लोकांच्या जबड्यांचे साचे छापतात, आणि शेवटची खोली पेटीवालीची. तिथे एक भट्टीचं यंत्र आहे आणि पूर्वेला खिडकी. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर रांगेने पांढरे जबडे. सकाळचं ऊन आलं की ते जबडे म्हणजे टेकडीवरचं एखादं गाव वाटतं, सगळी घरं पांढरी, दारं उघडी आणि आत कोणी नाही. एकोणीस वर्षं ती त्या गावात राहिली म्हणा. रस्त्यात कोणी हसलं की तिला माणूस ओळखीचा वाटायचा, चेहरा मात्र परका. "अगं, या दातांना मी टोपी शिवली आहे," ती लेकीला हळूच सांगायची. लेक म्हणायची, "आई, लोकांच्या तोंडात बघत जाऊ नकोस, भांडण होईल."

टोपी म्हणजे दात सरळ करणारं ते काचेसारखं कवच. डॉक्टरीणबाई त्याला अलायनर म्हणतात. ती करायची रीत अशी: पातळ प्लास्टिकचं गोल पान कड्यात अडकवायचं, वर भट्टी लाल होते. पान आधी थरथरतं, मग नितळ होतं, मग मधोमध खाली झुकतं, झोप आलेल्या पापणीसारखं. नेमक्या त्या क्षणी दांडा ओढायचा. वरून वारा दाबतो आणि पान साच्याला, म्हणजे त्या छापलेल्या जबड्याला, मिठी मारतं. यंत्र म्हणतं बावीस सेकंद. पेटीवाली म्हणते, "आज हवा दमट आहे, चोवीस." यंत्रापेक्षा तिचं बरोबर यायचं, म्हणून यंत्राला आता कोणी विचारत नव्हतं.

पान झुकायला लागलं की तिचंही मन झुकायचं. त्या दोन-चार सेकंदांत ती कुठेकुठे जाऊन यायची. वडिलांच्या ओट्यावर, आईच्या परसात, कधी नुसतीच ढगात. दांडा मात्र कधी चुकला नाही.

तर नातीची गोष्ट. नातीचा खालचा जबडा मागे राहिलेला. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांत नऊ मिलिमीटरची फट, त्यामुळे ओठ मिटत नसत. शाळेत कोणी तिला उंदीर म्हणालं, तर ही म्हणाली, "असेन. पण तुझं दप्तर मी कुरतडलं तर रडायचं नाही." जिभेने ती कुणाला हार जायची नाही, जबड्याचाच काय तो प्रश्न होता.

अशा मुलांच्या टोप्यांना गालाच्या बाजूने कान, म्हणजे उभे उंचवटे, काढतात. वरच्या टोपीला दोन, खालच्या टोपीला दोन. तोंड मिटलं की खालचे कान वरच्या कानांच्या पुढे येऊन अडतात आणि जबड्याला मागे जाता येत नाही. दिवसरात्र पुढेच राहायचं. महिनोन् महिने असं राहिलं की वाढतं हाड तिथेच घर करतं. एक जोडी दोन आठवडे घालायची, मग थोडी पुढची जोडी, मग आणखी पुढची.

पण नातीच्या पहिल्या जोडीचे कान पाचव्या दिवशी चेपले. दुसरी जोडी जाड पानाची केली. ती साच्यावरून निघेना, सुरीने साचा कापून काढावी लागली, आणि एवढं करून नवव्या दिवशी कानापाशी चिरली.

डॉक्टरीणबाईंनी लेकीला आणि पेटीवालीला खाली बोलावलं. नात मधे बसली, पाय हलवत.

"हाड वाढतंय तोवरच हे चालतं," बाई म्हणाल्या. "मुलगी भराभर उंच होते आहे. वर्षभर आहे आपल्या हातात, फार तर. ते वर्ष गेलं तर अठरा पूर्ण झाल्यावर जबड्याचं हाड कापून पुढे आणावं लागेल."

"कापून म्हणजे?" नात म्हणाली. "मधोमध?"

"गप बस," लेक म्हणाली आणि बाईंकडे वळली. "बाई, ते तोंडात बसवायचं ठोकळ्याचं दुसरं असतं ना..."

"ते लावून पाहिलं की आपण. उलट्या झाल्या आणि ती ते उशीखाली लपवायची." बाईंनी चष्मा काढून पुसला. "एक जोडी आणखी करून बघू. चौदा दिवस टिकली तर पुढे जाऊ. नाहीतर यात वर्ष घालवण्यात अर्थ नाही."

घरी जाताना तिघी चालत गेल्या. नात दुकानांच्या काचांत आपला चेहरा बघत होती. एका बाजूने, मग दुसऱ्या.

पहिल्या खोलीत पडद्यासमोर जो बसतो त्याला पेटीवाली कोनमास्तर म्हणायची. तिशीचा, काटकुळा, चहासुद्धा कोनात धरणारा. कान त्यानेच आखलेले, आणि आपले कान तुटतात हे त्याला आपला स्वतःचा कान कोणी पिळावा तसं लागायचं.

"मावशी, चोचीवर वीस हजार वेळा मिटवून बघितलं," तो म्हणाला. "कान हललासुद्धा नाही. तुमची नात दगड खाते का?"

"तुझं डोकं खाईल, दगड कशाला?"

चोच म्हणजे त्यांचं तपासायचं यंत्र. वरचा आणि खालचा साचा बिजागरीला लावायचा, टोप्या चढवायच्या आणि उघड-मीट, उघड-मीट. पक्ष्याच्या चोचीसारखं दिसायचं म्हणून चोच. कारखाना सुरू झाल्यापासून सगळे कान चोचीवरच पास व्हायचे. ज्या पोरांच्या तोंडात तुटायचे, त्या पोरांना विचारायचे, काय गं खाल्लंस?

रविवारी दुपारी नात खिडकीखाली चटईवर झोपली होती. चिरलेल्या टोप्याच घातलेल्या, नवी जोडी येईपर्यंत. पडदा फुगायचा, बसायचा, पुन्हा फुगायचा. पेटीवाली जवळ बसून वाटाणे सोलत होती, अर्धी जागी, अर्धी कुठेतरी. दाणे वाटीत पडायचा आवाज, टप, टप. मधेच एक वेगळा आवाज आला. कुट.

तिने हात थांबवला. पुन्हा, कुट.

ती वाकली. नातीचा जबडा हलत होता. वरखाली नाही. डावीकडे सावकाश जायचा, तिथे थोडा थांबायचा, मग उजवीकडे. मुलगी झोपेत काहीतरी मोठं, मऊ, न संपणारं चघळत होती, आणि प्रत्येक फेरीला तो बिचारा कान आडवा होऊन कुट करायचा.

नात जागी झाली तर आजीचा चेहरा चार बोटांवर.

"काय झालं? मी घोरत होते?"

"काय चावत होतीस?"

नातीने डोळे चोळले. "समुद्र," ती म्हणाली. "मी किनाऱ्यावर बसून समुद्र चघळत होते. खारट नव्हता गं मुळीच."

सोमवारी पेटीवाली पेटी न ठेवता आधी चोचीपाशी गेली. उघडली, मिटवली. बाजूला रेटून बघितली. रेटली जाईना. बिजागरी ती, तिला काय वरखालीच ठाऊक.

"कोनमास्तर, इकडे ये. तोंड बाजूला हलव."

"माझं?"

"तुझंच. इथे आणखी कोणाला आहे?"

त्याने जबडा डावीकडे नेला, उजवीकडे नेला.

"हलतो ना? मग हिचा का हलत नाही? एकोणीस वर्षं आपण माणसांची तोंडं पाखरासारखी तपासतोय."

तो फळीपाशी गेला. एक टोपी उचलली, कानाला अंगठा लावला आणि बाजूने दाबला. कुट. अंगठ्याएवढ्या जोराने कान लोळला. ही गोष्ट तिथल्या प्रत्येकाला माहीत होती, कारण प्रत्येकाला जबडा होता. तरी लक्षात कोणाच्या आली नव्हती.

"झोपेत माणूस कुठे कुठे जातो," पेटीवाली म्हणाली. "तुझ्या यंत्राला स्वप्नं पडत नाहीत."

दुखणं कळलं, पण म्हणून औषध सापडत नाही. कोनमास्तरने तीन दिवस पडद्यावर कान जाड केले. पडद्यावर ते सहज जाड व्हायचे. पण पान जेवढं आहे तेवढंच. उंच कानावर चढायचं तर त्याला ताणावं लागतं, आणि ताणलं की पातळ होतं. पेटीवालीने तुटका कान उजेडात धरला. मुळाशी ठीक, खांद्यावर कांद्याच्या सालीसारखा. आत राळ भरून बघितली, ती चार दिवसांत सुटी होऊन खुळखुळली. प्रत्येक कानाला हाताने भरायला अकरा मिनिटं, आणि वर खुळखुळा.

मग एके दिवशी दुपारी जेवून ती स्टुलावर टेकली. पेटी मांडीवर, हात झाकणावर. भट्टी नुकतीच विझवलेली, तिची ऊब पाठीला येत होती. बाहेर कोणीतरी सायकल धूत होतं. पाण्याचा आवाज लांब लांब गेला.

आणि ती एका मोठ्या पांढऱ्या दालनात उभी होती. दोन्ही बाजूंनी खांब, गुळगुळीत, ओलसर. खांब कसले, दातच ते. भिंती पारदर्शक होत्या आणि वाऱ्याने आत येत होत्या, बाहेर जात होत्या. जमीन डावीकडे सरकायची, उजवीकडे सरकायची, होडीसारखी. पलीकडून वडील येत होते. हातात हातोडी, कानामागे विडी, न पेटवलेली. भिंतीला बोट लावून ते म्हणाले, "लाजरी आहेत गं पोरं. यांना कोणी कणा दिला नाही?" मग त्यांनी बादली पालथी घातली आणि अलगद उचलली. खाली वाळूचा ठोकळा, तळाशी रुंद, माथ्याला अरुंद, एक कण न सांडता. "निघायचं असेल ना, तर असं बसावं," ते म्हणाले. ती त्यांना पेटीची गाडीवाली गोष्ट सांगणार, तेवढ्यात दालन कलंडलं.

स्टुलावरून पडता पडता ती जागी झाली. तळहात दुखत होता. बघते तर झाकणाच्या दोन पन्हळी तळहातावर उमटलेल्या, लालचुटुक, सरळ.

ती बराच वेळ हाताकडे बघत बसली. मग उठून मेण आणलं.

साच्यावरचा उंच, उभा कान तिने कापून टाकला. त्या जागी मेणाचा बुटका कान बसवला, पसरट, चारी बाजूंनी उतरता, पालथ्या बादलीसारखा. मग केसातला आकडा काढला आणि त्याच्या गोल टोकाने कानावर दोन पन्हळी ओढल्या, थेट खाली दाताच्या भिंतीपर्यंत.

कोनमास्तर मागे येऊन उभा राहिला होता. "हे काय, मावशी? पेटी?"

"हो. तोंडात ठेवायची."

पहिल्या फेरीला फजिती झाली. पन्हळी ठसठशीत हव्यात म्हणून तिने चांगल्या खोल ओढलेल्या. पान वरच्यावर पूल बांधून बसलं, आणि जिथे आत गेलं तिथे असं रुतलं की साच्याचा दातच घेऊन निघालं. कोनमास्तर हसला, म्हणजे हसू आवरत हसला.

"मावशी, तुमच्या बाबांच्या हातात हातोडी होती. आपल्याकडे नुसता वारा आहे."

ती चिडली. मग तिला ते पटलं. पटलं म्हणून आणखी चिडली.

"मग वाऱ्याला जमेल तेवढंच खोल कर की! कोनमास्तर ना तू?"

तिथून पुढे दोघं बसले. तिचं मेण, त्याचं माप. तो मेणाचा कान यंत्राने टिपून पडद्यावर घ्यायचा, पन्हळ उथळ करायचा, कडा गोल करायचा, उतार एक अंशाने वाढवायचा. ती छापलेल्या साच्यावर पान ओढायची आणि उजेडात धरून सांगायची, इथे पातळ, इथे ठीक. सातव्या खेपेला टोपी साच्यावरून डब्याचं झाकण निघावं तशी निघाली. फट्. सुरी नाही, राळ नाही. जाड पानही नाही, तेच नेहमीचं.

"एका ओढीत," कोनमास्तर म्हणाला आणि पुन्हा म्हणाला, "एका ओढीत, मावशी."

तपासायला त्याने नवं यंत्र केलं. गाडीची काच पुसायची जुनी मोटर आणली आणि खालचा साचा तिच्या दांड्याला लावला. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. त्याचं नाव लगेच पडलं, म्हैस. तीन दिवस म्हैस कोपऱ्यात रवंथ करत होती. जुने कान पहिल्या तासात लोळले. बुटके कान तिसऱ्या दिवशीही तसेच होते. मोटरच दमली.

पण म्हैस ती म्हैस आणि नात ती नात.

जोडी तोंडात बसली त्या दिवसापासून पेटीवालीचं रोजचं एकच काम. सकाळी नात टोप्या काढून धुवायची, आजी त्या खिडकीत धरायची. पाचवा दिवस गेला. नववा गेला. लेक आईचा चेहरा बघून पोळी तव्यावर टाकायची. अकराव्या सकाळी डाव्या कानावर, पन्हळ जिथे संपते तिथे, केसाएवढी पांढरी रेघ दिसली. पेटीवालीने टोपी आणखी उजेडात नेली. पान मोडण्याआधी असंच पांढरं पडतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

"आजी, मेली का?" नातीने विचारलं.

"कोण?"

"टोपी."

"नाही. एक केस पिकलाय."

कारखान्यात कोनमास्तरने भिंग लावलं. "पन्हळीचं टोक," तो म्हणाला. "मी बाकी सगळं गोल केलं, तेवढं टोक राहिलं." पुढच्या जोडीत त्याने टोक निमुळतं करून भिंतीत विरवून टाकलं. पण ही जोडी अजून तीन दिवस जायची होती. त्या तीन दिवसांत नातीने आपणहून भाकरतुकडा मऊ करून खाल्ला, शाळेत भांडण केलं नाही, आणि झोपताना उशीला सांगितलं की आज समुद्र नको. रेघ होती तेवढीच राहिली. चौदाव्या दिवशी जोडी चारही कानांसकट डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली गेली. बाईंनी कान चिमटीत धरून हलवायचा प्रयत्न केला.

"हं," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडचं 'हं' म्हणजे दुसऱ्या कोणाची टाळी.

मग जोड्यांमागून जोड्या गेल्या. नात उंच झाली, आजीच्या खांद्याला लागली, मग खांदा ओलांडला. दुसऱ्या मुलांनाही तेच कान बसू लागले. अकरा महिन्यांनी बाईंनी फट मोजली. नवाचे तीन झाले होते. जबड्याची क्ष-किरण छबी काढून जुन्या छबीवर धरली आणि खालचं हाड पुढे आलेलं सगळ्यांना दाखवलं.

"आता थोडे दिवस टिकवायचं. कापाकापी नाही."

"म्हणजे मी अख्खीच राहणार?" नात म्हणाली.

लेकीने घरी जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुवायला काढली. ती पाठमोरी होती, नळ मोठा सोडलेला. पेटीवाली कोपऱ्यात जाऊन बसली. पेटी उघडली आणि तिच्या तळाशी ती अकराव्या दिवशी केस पिकलेली जोडी रुमालात गुंडाळून ठेवली, वडिलांनी ठोकलेल्या झाकणाखाली.

रविवारी दुपारी नात चटईवर झोपली. पडदा फुगला, बसला. पेटीवाली भिंतीला टेकली होती, डोळे झुकत होते, भट्टीखालच्या पानासारखे. नातीचा जबडा सावकाश डावीकडे गेला, उजवीकडे गेला. कुट नाही. ओठ मिटलेले. इतके मिटलेले ओठ तिने या चेहऱ्यावर कधी पाहिले नव्हते, आणि बघता बघता तिचाही डोळा लागला.

जाग आली तेव्हा नात तिच्याकडे बघत होती.

"आज काय चावत होतीस?" आजीने विचारलं.

"काही नाही," नात म्हणाली. "आज आत उतरले होते. पोहत होते, तोंड मिटून."